नमुन्याची बाटली आणि तिची चिठ्ठी

आमच्या तळोज्याच्या एमआयडीसीत औषधांचे कारखाने आहेत. औषधाच्या प्रत्येक बॅचचा थोडा नमुना बाटलीत जपून ठेवायचा असतो, वर बॅच नंबर आणि तारखेची चिठ्ठी. उद्या तक्रार आली तर ताडून पाहता येतं. चिठ्ठी गळाली की बाटली कवडीमोल.

नातवाकडून कळलं, की संगणकवाल्यांचंही असंच असतं. प्रोग्राम अडला तर मूळ मजकुराच्या कुठल्या ओळीत अडला, हे सांगणारी माहिती तयार फाइलमध्ये भरता येते. तिचा एक साचा म्हणजे 'ड्वार्फ'. ती वाचणाऱ्या 'एल्फयुटिल्स'मध्ये बदल केला, की जपलेल्या जुन्या फाइली त्याला पुन्हा वाचायला देतात. उत्तर पूर्वीचंच आलं पाहिजे.

जुन्या कशाला, नव्या बनवा, असं कुणी म्हणेल. पण नवा कंपायलर वेगळी फाइल बनवतो, जुन्यातली खोड तिच्यात येईलच असं नाही. म्हणून जुन्या हव्यातच.

पण या फाइली माणसाला सहज वाचता येत नाहीत. २०२४ मध्ये 'एक्सझेड'च्या अशाच नमुना फाइलींत चोरवाट लपवलेली निघाली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती पकडली.

म्हणून माझं स्पष्ट मत: फाइल कुणाकडून आली, कुठल्या मजकुरातून, कुठल्या कंपायलरने बनली, हे शेजारी लिहिलेलं नसेल तर ती ठेवू नये. गणितात नुसत्या उत्तराला आम्ही पूर्ण मार्क देत नसू. रीत दाखवा, म्हणायचो. पटतंय ना?