खुंटीवरचा लंगोट

"बाबा, मातीतले डाव मॅटवर चालत नाहीत!" वाशीमला कुस्ती हरून आलेल्या आमच्या चिरंजीवांनी लंगोट खुंटीला टांगला.

मी व्याकरण शिकवणारा माणूस. पण तरुणपणी वस्तादांची ढाक पाठीवर झेललेली. गड्याची मान बगलेत आवळायची, आपली कंबर त्याच्या कमरेखाली सारायची नि गर्रकन वळायचे. मग त्याचेच वजन त्याला पाडते. त्या वजनाला माती काय नि मॅट काय! ज्युदोतला कोशी-गुरुमा तरी वेगळे काय करतो?

ढाक हा खाशाबा जाधवांचा हातखंडा डाव. १९४८ साली लंडनला ते प्रथमच मॅटवर उतरले, सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. हे सारे ऐकून चिरंजीव गप्पच.

सकाळी पाहतो तो, खुंटी रिकामी!