सर्व्हर ‘बघायला’ डोळे कशाला?

मराठीत आपण दुकान बघतो, शेती बघतो, सासूचं औषधपाणी बघतो. यातल्या एकाही ‘बघण्या’चा डोळ्यांशी फारसा संबंध नाही. मग एखादा अंध माणूस कंपनीचे सर्व्हर बघतो म्हटलं की आपल्या भुवया वर का जातात?

माझा एक जुना विद्यार्थी हे काम करतो. जन्मांध आहे. साताऱ्यात घरी बसून, दहाएक वर्षं. आपल्याकडची मंडळी याला चमत्कार म्हणतात. देव एक काढून घेतो तेव्हा दुसरं देतो म्हणे! मला राग येतो तो या कौतुकाचाच. चमत्कार म्हटला की पुढे विचार करायला नको, आणि त्याची अडचण ऐकायलाही नको.

अहो, मुळात सर्व्हर ही बघायची वस्तूच नव्हे. कुठल्यातरी थंडगार खोलीत कपाटात रचलेली यंत्रं ती. बहुतेकांना पडदासुद्धा जोडलेला नसतो. डोळस माणूसही त्यांच्याशी लांबूनच बोलतो, एसएसएच नावाच्या कुलूपबंद वाटेने. फिनलंडच्या टाटू इलोनेन यांनी ती १९९५ साली तयार केली. कारभाऱ्याच्या रोजच्या कामात या वाटेने येतात-जातात ती फक्त अक्षरं. आज्ञा टंकायची, उत्तर मजकुरात येतं. डोळस ते वाचतो, हा ऐकतो. त्याचा स्क्रीनरीडर इतक्या भरभर बोलतो की मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. टिंब आहे की स्वल्पविराम, रिकामी जागा एक की दोन, हे तो ब्रेलच्या पट्टीवर बोटांनी तपासतो, कारण तिथे एका टिंबाने घोटाळा होतो. (जन्मभर शुद्धलेखनाचे गुण कापणाऱ्या मला हे आवडणारच!) हजारो ओळींच्या नोंदी कुणीच बसून वाचत नाही, ग्रेप या आज्ञेने हवी ती ओळ मागवतात. ‘टॉप’ नावाची आज्ञा मात्र दर थोड्या सेकंदांनी पडदा नव्याने भरते आणि स्क्रीनरीडरची बडबड थांबत नाही. तर एकदाच उत्तर देऊन गप्प बस, असंही तिला सांगता येतं. झालं काम.

आणि हे काही आजचं नाही. टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. पुण्याच्या वाडिया महाविद्यालयात ते गणित शिकले, पुढे मुंबईच्या आयआयटीत गेले, आणि १९९५ साली त्यांनी ईमॅक्सपीक ही बोलणारी प्रणाली जगाला फुकट दिली. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीनरीडर २००६ साली सुरू केला तो मायकेल करन यांनी, मग जेम्स टे त्यांना येऊन मिळाले, आणि हे दोघेही ऑस्ट्रेलियातले अंध तरुण. दया कुणी कुणावर केली, सांगा बघू!

मग अडतं कुठे? चित्रांत. नावं नसलेली बटणं, नुसते आलेख, वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा. सगळ्यात वाईट म्हणजे सर्व्हर सुरूच होईना, की एसएसएचची वाट बंद. मग ब्राउझरमध्ये त्या यंत्राचा पडदा उघडायचा. त्यावर अक्षरं असतात, पण ती येतात छायाचित्रासारखी. स्क्रीनरीडरला तिथे काहीच सापडत नाही. हाच मजकूर सिरियल कन्सोलमधून अक्षरांत घेता येतो. त्यासाठी नवा शोध लावायचा नाही. सर्व्हरच्या जातीच्या बहुतेक यंत्रांत ती सोय असतेच, फक्त चालू करायची. विद्यार्थ्याने ती मागितली. कंपनीने काय केलं? त्याची रात्रपाळी काढून घेतली. ‘तुमच्यावरचा भार हलका करतोय.’ रात्रपाळीबरोबर तिचा भत्ता गेला, आणि बढतीही तिथूनच मिळते.

एका माणसासाठी एवढा खटाटोप कशाला, असं विचारणारे आहेत. पण सिरियल कन्सोलचा मजकूर साठवून ठेवता येतो, नंतर शोधता येतो. मध्यरात्री यंत्र कोसळलं तर कोसळण्यापूर्वी ते काय म्हणालं, हे सकाळी डोळसालाही हवंच असतं की!

कायद्याचं म्हणाल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘वाजवी सोय’ ही कल्पना आहे, आणि ती नाकारणं हा भेदभाव धरला आहे. प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करावं, असंही त्यात आहे. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तो खटला बँकेबिंकेच्या केवायसीचा होता, जिथे ओळख पटवायला डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात! अंध माणसाला! असो. आपण ‘अपंग’ खोडून ‘दिव्यांग’ लिहिलं, आणि बटणांना नावं द्यायची तेवढी राहिली.

आपल्या गोतावळ्यातले निदान पाचजण आयटीत आहेत, आणि हे वाचणारे ब्लॉगवालेही बरेच त्याच धंद्यातले. तेव्हा आज शाबासकी नको. उद्या कामावर गेल्यावर एवढंच विचारा, की आपल्या सर्व्हरचा सिरियल कन्सोल चालू आहे का, आणि नसेल तर कुणाच्या सहीने बंद आहे. काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.