पाहुण्याचं नाव नको, यजमानाचा नंबर हवा

कोलशेतला मी राहतो त्या सोसायटीत सध्या एकच वाद आहे: ॲपवरून दोन-चार दिवसांसाठी फ्लॅट भाड्याने देऊ द्यायचे की नाही. इथे आगरी-कोळ्यांचं गाव होतं, शेजारी रासायनिक कारखाने होते. आता कारखान्यांच्या जमिनीवर टॉवर उभे आहेत आणि त्यातल्या काही फ्लॅटचे मालक कधी दिसतच नाहीत.

गेल्या वर्षी माझी खाला चिपळूणहून आली. मुलाचं ठाण्यात ऑपरेशन होतं. आमचं घर वन बीएचके, म्हणून तिने जवळच्या एका इमारतीत चार रात्रींसाठी फ्लॅट घेतला. रात्री अकराला वॉचमनने ओळखपत्रावरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "मालकाला विचारावं लागेल." मालक पुण्यात, फोन बंद. आमच्या आधी एक कुटुंब बॅगा घेऊन सरळ आत गेलं होतं. खाला तासभर गेटवर बसली आणि शेवटी आमच्याकडेच आली.

तरीही सोसायटीच्या सभेत मी नियमांच्या बाजूनेच बोललो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या होमस्टे योजनेत मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहायचं असतं. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांहून कमी मुक्कामासाठी यजमान घरात हजर हवा आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन, या नियमाची अंमलबजावणी सुरू आहे. दोन्हीकडे हजर राहण्याचं बंधन यजमानावर आहे.

आमच्या सभेत मात्र सूचना आली पाहुण्यांची 'पार्श्वभूमी' पाहण्याची. या शब्दाचा अर्थ भाड्याने घर शोधलेल्या मुसलमानाला समजावून सांगावा लागत नाही. सुरक्षेची काळजी मलाही आहे. वरच्या मजल्यावर रात्री दोनला पार्टी चालते तेव्हा माझीही झोप जाते. पण तो गोंगाट पाहुण्यांची आडनावं वाचून थांबत नाही. मालकाने फोन उचलला, गरज पडली तर स्वतः आला, तरच थांबतो.

म्हणून माझा ठराव असा: गेटवर मालकाचा चालू नंबर हवा. तो बाहेरगावी असेल तर अर्ध्या तासात पोचेल अशा माणसाचा नंबर हवा. ओळखपत्राची नोंद सगळ्यांची, एकाच पद्धतीने. पाहुणा परदेशी असेल तर २४ तासांत त्याच्या नोंदीचा फॉर्म मालकानेच भरावा. आणि फोन लागला नाही तर दंड मालकाला व्हावा. बुकिंग केलेल्या पाहुण्याला रात्री गेटवर बसवू नये.

ठराव लेखी दिला आहे. सभेत कोणी विचारलंच, की एवढा आग्रह कशाला, तर खालाची ती रात्र सांगेन.