उद्याच्या गोष्टीत आपण कुठे?

स्त्री-चळवळीत काम करणारी बाई कविता करते म्हटलं, तर कुणाला नवल वाटत नाही. आत्मकथन लिहिते म्हटलं, तर कौतुकच होतं. पण ‘मी विज्ञानकथा लिहायचा प्रयत्न करते’ असं सांगितलं, की मैत्रिणी क्षणभर गप्प होतात. मग कुणीतरी विचारतं, ‘म्हणजे त्या उडत्या तबकड्या वगैरे?’ विचारण्यात कुत्सितपणा नसतो, पण सूर असतो. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात कुपोषण, स्थलांतर, बालविवाह हे प्रश्न आ वासून उभे असताना तुला ही चैन सुचते कशी?

या प्रश्नाला एकदा नीट उत्तर द्यावं, म्हणून हा लेख. माझ्या मते विज्ञानकथा हे आपल्या कामाचंच एक हत्यार आहे, आणि आपण ते फार काळ दुसऱ्यांच्या हाती राहू दिलं आहे.

चांगली विज्ञानकथा एक साधा प्रश्न विचारते : असं झालं तर? नवं यंत्र आलं, तर कुणाचं काय होईल? आता आमच्या जिल्ह्याकडे बघा. इथे सगळं उशिरा पोचतं, असा समज आहे. पण देशातली पहिली आधार कार्डं २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली या आदिवासी गावात वाटली गेली. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं यांवरून माणूस ओळखायचा, ही कालपर्यंत कथेत शोभणारी गोष्ट आमच्याकडे सर्वांत आधी आली. पुढे तीच ओळख रेशनशी जोडली गेली. आज उसतोडीवरून परतलेली बाई रेशन दुकानात उभी राहते आणि तिचा अंगठा लागत नाही. कोयता आणि भांडी यांनी ठसे झिजलेले असतात. यंत्राची कल्पना करताना कुणी या हातांची कल्पना केली होती का?

धरणाचंही तेच. कागदावर एक रेघ ओढायची आणि म्हणायचं, पाणी इथवर येईल. हीसुद्धा कल्पनाशक्तीच आहे. सरदार सरोवराच्या त्या रेघेखाली अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली आलं, अक्राणीतली गावं आली. बाईचं सरपण, तिचे मोह, तिची पाण्याची वाट यांना त्या चित्रात जागा नव्हती. गर्भजल परीक्षेचा अनुभव तर आपल्या सगळ्यांचा आहे. गर्भातले दोष शोधायला आलेलं तंत्र मुली शोधायला वापरलं गेलं. मुंबईतल्या स्त्री-संघटना आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर उतरले, १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, १९९४ मध्ये देशाने केला. पण तंत्र पुढे आणि आपण मागे, असंच प्रत्येक वेळी घडलं. ‘असं झालं तर?’ हा प्रश्न आधी विचारायची सवय आपल्याला लागायला हवी.

आज विचारण्यासारखा एक प्रश्न सिकलसेलचा आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून तपासणी हवी, कार्डही हवं. पण उद्या कुंडलीसारखी ही कार्डंच जुळवली जाऊ लागली, तर वाहक मुलीचं काय? मुलाचं कार्ड झाकलं जाईल आणि मुलीचं गावभर फिरेल? मी सध्या याच विषयावर कथा लिहिते आहे. तिच्यात परग्रहावरचं कुणी नाही. एक एकोणीस वर्षांची मुलगी आहे आणि तिच्याआधी तिचं रक्त ओळखणारं गाव आहे.

ही वाट नवी नाही. १९०५ साली रुकैया सखावत हुसेन यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा लिहिली. तिच्यातल्या देशात कारभार बायका चालवतात, सूर्याची उष्णता साठवून वापरतात, ढगांतून पाणी घेतात, आणि पुरुष घरात पडद्यामागे असतात. याच रुकैयांनी १९०९ मध्ये भागलपूरला मुलींची शाळा काढली आणि १९११ मध्ये ती कोलकात्यात पुन्हा उभी केली. समाजकार्य एका बाजूला आणि विज्ञानकथा दुसऱ्या बाजूला, अशी फाळणी त्यांनी केली नाही. आपणच का करावी?

मराठीत विज्ञानकथेला मान आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. नावाचं वजन बाजूला ठेवून कथा तोलली जावी, हा त्यांचा हेतू. अमेरिकेत ॲलिस शेल्डन यांनी जेम्स टिपट्री या पुरुषी नावाने लिहिलं आणि जवळजवळ दहा वर्षं वाचकांना पत्ता लागला नाही. एकाला मोठं नाव लपवावं लागलं, दुसरीला बाईचं. आपल्याकडे शुभदा गोगटे यांनी ‘यंत्रायणी’, ‘मार्जिनल्स’ लिहिलं, आज मेघश्री दळवी लिहीत आहेत. तरी विज्ञानकथाकारांची नावं घ्या म्हटलं, की पहिली पाच नावं पुरुषांचीच येतात.

माझी रेशन दुकानावरची कथा एका दिवाळी अंकाकडून परत आली. ‘हे वास्तव झालं, यात विज्ञान कुठे?’ असा शेरा होता. प्रयोगशाळेत घडतं तेवढंच विज्ञान आणि अंगठ्यावर घडतं ती समस्या, ही वाटणी मला मान्य नाही. कथा मी पुन्हा पाठवणार आहे.

आशाताईंच्या एका बैठकीत मी विचारलं होतं, ‘पन्नास वर्षांनी तुमच्या पाड्यावर कोणतं यंत्र असावं?’ एक म्हणाली, पाणी डोंगरावर चढवणारं. दुसरी म्हणाली, आपल्या बोलीत बोलणारं. धडगावकडची एक म्हणाली, ‘ताई, यंत्र राहू द्या. बाळंतिणीला झोळीत घालून न्यावं लागणार नाही, असा रस्ता लिहा.’ बांबूच्या झोळीतून बाई दवाखान्यात नेणाऱ्या पाड्यासाठी रस्ता हीच विज्ञानकथा आहे.

मैत्रिणींनो, आपल्या शिबिरांत आपण आजवर भोगलेलं सांगतो. ते सांगायलाच हवं. पण त्यातला एक तास उद्यासाठी ठेवा. असं झालं तर, हा प्रश्न टाका आणि बायका काय बोलतात ते लिहून घ्या. गटाच्या पेटीत चार विज्ञानकथांची पुस्तकं ठेवा. आणि जमेल तिने लिहा. उद्याचे नकाशे कुठेतरी आत्ताच आखले जात आहेत. आपण आपला आखला नाही, तर त्यांच्या रेघेखाली पुन्हा आपणच येऊ.