शर्यतीत गाडी पेटली, आता विमा कंपनी काय देणार?

काही महिन्यांपूर्वी आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक मुलगा आपल्या अब्बांना घेऊन घरी आला. हातात पिशवी, पिशवीत पॉलिसीचे कागद आणि मोबाईलमध्ये गाडीचे फोटो. बॉनेट जळून काळंठिक्कर झालेलं, काच तडकलेली, डॅशबोर्ड वितळून खाली आलेला. तीन दिवसांपूर्वी ड्रॅग रेसच्या पट्टीवर गाडीनं पेट घेतला होता. मुलगा सुखरूप होता, अल्हम्दुलिल्लाह. पण क्लेम फॉर्म कोरा होता. ‘घटना कुठे व कशी घडली’ या रकान्यापाशी बापलेक अडले होते. गॅरेजवाल्यानं सल्ला दिला होता की ‘हायवेवर शॉर्ट सर्किट झालं’ असं लिहून टाका. अब्बांनी आम्हाला विचारलं, “सर, तुम्हीच सांगा, काय लिहू?”

ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्टीवर थांबलेल्या गाडीनं कमीत कमी वेळात ठरलेलं अंतर कापायचं. अंतर बहुधा पाव मैल, म्हणजे साधारण 402 मीटर. हा खेळ अमेरिकेतला. आपल्याकडे त्यासाठी विमानाच्या धावपट्ट्या वापरतात. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणारी ‘द व्हॅली रन’ पोरांना तोंडपाठ असते. रीतसर आयोजन, हेल्मेट, अग्निशामक यंत्रं हे सगळं तिथे असतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं की विमाही असणारच. गफलत होते ती इथेच.

आम्ही पॉलिसी घेऊन बसलो. पहिल्या भागात नुकसानीची कारणं दिली होती: आग, स्फोट, गाडी आपोआप पेटणं, वीज पडणं. अब्बांचा चेहरा उजळला. पण शेड्यूलच्या पानावर, जिथे गाडीचा नंबर आणि हप्त्याची रक्कम असते, तिथेच बारीक अक्षरात ‘वापराच्या मर्यादा’ होत्या. भाड्यानं देणं, मालवाहतूक, संघटित शर्यत, वेगाची चाचणी, यांसाठी गाडी वापरली तर संरक्षण नाही. आपल्या देशातल्या खासगी गाडीच्या पॅकेज पॉलिसीत ही ओळ ठरलेलीच असते, कंपनी कुठलीही असो. आग पॉलिसीत बसते, पण शर्यतीतली आग बसत नाही.

अमेरिकेत ड्रॅग स्ट्रिप जागोजागी आहेत, म्हणून तिथल्या विमा कंपन्या आणखी पुढे गेल्या. शर्यतीसाठी बांधलेल्या जागेच्या आत, शर्यतीसाठी, सरावासाठी किंवा नुसत्या तयारीसाठी असलेली गाडी तिथल्या प्रचलित पॉलिसीत वगळलेली असते. म्हणजे पॅडॉकमध्ये उभी असताना पेटली तरी वाद. मात्र तिथे ट्रॅकवरच्या दिवसापुरता वेगळा विमाही विकत मिळतो. आपली ओळ ‘वापरा’बद्दल बोलते. शर्यत संपवून परत येताना भर रस्त्यात आग लागली तर आपल्याकडे निदान भांडायला जागा राहते. या मुलाची गाडी धावतानाच पेटली होती.

मग न्यायालयाचं काय? 2010 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. खासगी गाडी भाड्यानं दिली होती, अपघात झाला, कंपनीनं पूर्ण दावा फेटाळला. न्यायालयानं पूर्ण नकार चूक ठरवला आणि अडीच लाख द्यायला लावले. अशा तडजोडीला ‘नॉन-स्टँडर्ड’ म्हणतात, त्यात बहुधा मान्य रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंत मिळतं. पण आमच्या मते शर्यतीच्या दाव्यात हा आधार लंगडा पडतो. भाडं घेतल्यामुळे अपघात होतोच असं नाही. शर्यतीत मात्र इंजिन, टर्बो, इंधनाची नळी यांवर ताण पडतो तो शर्यतीमुळेच. त्यात या पोरानं ईसीयू रिमॅप करून घेतलेला, जादा वायरिंग केलेलं. कंपनीला काही कळवलेलं नाही. (आपल्याकडे बाहेरून सीएनजी किट बसवून आरसी बुकात आणि पॉलिसीत नोंद न करणारे किती असतील, तेही आठवून पाहा.)

गाडी अब्बांच्या नावावर होती. ही बाब आम्हाला आगीपेक्षा मोठी वाटली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 150 नुसार संघटित शर्यत हा तिसऱ्या पक्षाच्या दाव्यातही कंपनीला उपलब्ध असलेला बचाव आहे. बघायला आलेलं एखादं पोर भाजलं असतं तर भरपाईचा बोजा मालकावर, म्हणजे शर्यत कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या बापावर येऊ शकला असता. आणि हे रीतसर शर्यतीचं. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर रात्री बाईक पळवणाऱ्यांना कलम 189 खाली दंड आणि कैदही होऊ शकते.

विमा घ्यावा की नाही यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. बरीच घरं कायद्यानं सक्तीचा आहे म्हणून फक्त थर्ड पार्टी घेतात. त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की त्या पॉलिसीत स्वतःची गाडी जळाल्याचा एक पैसाही मिळत नाही, ती घरासमोर उभी असतानाच का पेटेना.

या कुटुंबाकडे कर्जामुळे पूर्ण पॉलिसी होती. दावा मंजूर झाला असता तरी सगळं फिटलं नसतं. दहा लाख किमतीच्या गाडीची विम्यातली किंमत तिसऱ्या वर्षी 30 टक्के घसारा जाऊन सात लाख धरतात, आणि तीही आधी बँकेकडे जाते.

फॉर्मवर खरंच लिहा, असं आम्ही सांगितलं. खोटं बोलू नये हे तर आहेच. पण हिशेबही तेच सांगतो. सर्व्हेअर येऊन गाडी तपासतो. फास्टॅगची नोंद असते. शर्यतीचा व्हिडिओ मुलानं स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकला होता. खोटा दावा उघडा पडला तर पैसे जातातच, वर फसवणुकीचा गुन्हा लागू शकतो. पूर्वीचं कलम 420, आता न्याय संहितेतलं 318. सही अब्बांची असणार होती.

खरं लिहिलं. अपेक्षेप्रमाणे नकाराचं पत्र आलं. मग कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं: ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीनं तरी विचार व्हावा. तिथून उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर महिन्याभरानंतर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या राज्यात मुंबई आणि पुणे इथे कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. कंपनीच्या शेवटच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. मिळेलच असं आम्ही अब्बांना सांगितलेलं नाही.

मुलगा आता सकाळच्या कामाबरोबर रात्री एका गोडाऊनमध्ये जातो. जळालेली गाडी गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली उभी आहे, आणि बँकेचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो.