मॅचमधला राडा: दारूचा दोष किती आणि आयोजकांचा किती?

१३ डिसेंबर २०२५. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये लिओनेल मेस्सी येणार म्हणून लोकांनी हजारो रुपये मोजून तिकिटं काढली होती. मेस्सी आला, पण त्याच्याभोवती पुढारी, अधिकारी आणि सेल्फीवाल्यांचं असं कडं पडलं की स्टँडमधल्या लोकांना तो धड दिसलाच नाही. साधारण वीस मिनिटांत तो निघूनही गेला. मग बाटल्या उडाल्या, खुर्च्या मोडल्या आणि लोक मैदानात घुसले. मुख्य आयोजकाला अटक झाली. मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी जाहीर माफी मागितली आणि चौकशी समिती नेमली.

दुसऱ्याच दिवशी मेस्सी मुंबईत, वानखेडेवर आला. दौरा तोच, खेळाडू तोच, तिकिटं इथेही महाग. पण वानखेडेवर खुर्ची मोडली नाही की कुणी मैदानात घुसलं नाही.

असा राडा झाला की कमेंटमध्ये एक वाक्य हमखास येतं: ‘पिऊन आले असणार सगळे.’ अनेकदा ते खरंही असतं. पण पूर्ण खरं असतं का? पिंपरी-चिंचवड, हिंजवडी, चाकणच्या लोकांनी याचा विचार करायला हवा, कारण एका बाजूला गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम आणि दुसऱ्या बाजूला बालेवाडीचं फुटबॉल मैदान, अशी दोन मोठी स्टेडियम आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत.

‘पिऊन आले होते’ हे वाक्य कुठून आलं?

या वाक्याचा सगळ्यात वाईट वापर इंग्लंडमध्ये झाला. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपची सेमीफायनल होती. बाहेर गर्दी वाढली म्हणून पोलिसांनी एक मोठं गेट उघडलं. सगळा लोंढा आधीच भरलेल्या, कुंपण घातलेल्या भागात शिरला. लोक चेंगरले. मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला.

पोलिसांनी तेव्हा सांगितलं की लिव्हरपूलचे फॅन दारू पिऊन, तिकिटाशिवाय घुसले. ‘द सन’ने हेच पहिल्या पानावर छापलं. मेलेल्यांच्या, अगदी लहान मुलांच्याही रक्तात दारू आहे का, हे तपासलं गेलं. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीचा अहवाल आला, तेव्हा कळलं की पोलिसांचे १६४ जबाब बदलण्यात आले होते. २०१६ मध्ये ज्यूरीने निकाल दिला: हे मृत्यू बेकायदेशीर होते आणि फॅन्सचा त्यात दोष नव्हता. घरच्यांना हे ऐकायला २७ वर्षं लागली.

म्हणजे ‘दारुडे फॅन’ हा शब्द वापरला की गेट कुणी उघडलं, गर्दी कुणी मोजली नाही, हे प्रश्न मागे पडतात.

मग दारूचा काहीच संबंध नसतो का?

असतो. त्यासाठी लंडनचं वेम्बली बघा. ११ जुलै २०२१ ला युरो कपची फायनल होती, इंग्लंड विरुद्ध इटली. मॅच रात्री ८ ची आणि लोक स्टेडियमबाहेर सकाळपासून पीत बसलेले. संध्याकाळपर्यंत तिकीट नसलेल्या टोळक्यांनी गेटवर धडका द्यायला सुरुवात केली. अपंगांसाठीची दारंसुद्धा सोडली नाहीत. लुईस केसी यांच्या चौकशी अहवालानुसार १७ वेळा गेटं मोठ्या संख्येने फोडली गेली आणि सुमारे २,००० लोक तिकिटाशिवाय आत शिरले. कुणाचा जीव गेला नाही हे नशीब.

इथे दारूचा वाटा मोठा होता. पण केसी यांनी त्याच अहवालात हेही नोंदवलं की एवढ्या मोठ्या दिवसाची तयारी अपुरी होती आणि धोका आधी ओळखला गेला नव्हता. दिवसभर पिणारी गर्दी दिसत असताना तिला थेट गेटपर्यंत येऊ दिलं गेलं.

आणखी एक गोष्ट. इंग्लंडमध्ये १९८५ पासून कायदा आहे की वरच्या डिव्हिजनच्या फुटबॉल मॅचला मैदान दिसेल अशा जागी बसून दारू प्यायची नाही. २०२१ मध्ये माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांनी फॅन्सशी बोलून जो अहवाल दिला, त्यात या बंदीचा दुसरा परिणाम मांडला: लोक मॅचच्या आधी आणि हाफटाइमला घाईघाईने पितात. आत बंदी घातली की पिणं थांबत नाही, ते गेटबाहेर सरकतं.

आपल्याला हे नवं नाही. आपल्याकडे साध्या स्टँडमध्ये दारू मिळत नाही, म्हणून गडी बाहेरूनच ‘लावून’ येतो. गाडीत, ढाब्यावर, सर्व्हिस रोडच्या कडेला. आत येईपर्यंत चढलेली असते आणि गेटवरच्या सुरक्षारक्षकाचं काम फक्त खिसे चाचपण्याचं असतं.

आपल्याकडे फुटबॉलमुळे राडा कुठे होतो?

कोलकात्याचं उदाहरण सगळ्यात जुनं आणि दुखरं आहे. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्यातल्या मॅचमध्ये स्टँडमध्येच मारामारी पेटली. दोन्हीकडचे लोक एकाच स्टँडमध्ये बसलेले होते. पळापळीत १६ फॅन गेले. त्यांच्या आठवणीत तिथे दरवर्षी त्या दिवशी रक्तदान होतं.

९ डिसेंबर २०१२ ला याच दोन टीम सॉल्ट लेकवर खेळत होत्या. स्टँडमधून आलेला दगड मोहन बागानच्या रहीम नबीला लागला. टीम दुसऱ्या हाफला मैदानात उतरलीच नाही. फुटबॉल फेडरेशनने मोहन बागानवर आय-लीगमध्ये दोन वर्षांची बंदी घातली. नंतर बंदी मागे घेतली, पण २ कोटींचा दंड बसला. दगड मारणारा एक आणि किंमत मोजणारा शंभर वर्षांहून जुना क्लब.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की कोल्हापूर आलंच. तिथला फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस अशा टीम आणि प्रत्येकीमागे आख्खी पेठ. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की शहरातली कामं लवकर उरकतात. नोकरीसाठी भोसरी-चाकणला आलेला कोल्हापूरकर शिफ्ट सांभाळून मोबाईलवर स्कोअर बघतो तो उगाच नाही.

पण त्याच स्टेडियमवर बाटल्या आणि दगड भिरकावणं, अश्लील हावभाव, मॅच संपल्यावर रस्त्यात एकमेकांना भिडणं हेही झालं आहे. पोलिसांनी लाठ्या चालवल्या आहेत, गुन्हे दाखल झाले आहेत आणि केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला, स्पर्धा थांबवण्याचा विचार करावा लागला आहे.

कोल्हापूरकर याचंही खापर दारूवर फोडतात. त्यात तथ्य आहे, पण पेठेचा अभिमान नसता तर नुसत्या दारूने दगड उचलला नसता. गर्दीत माणूस एकटा नसतो. एकाने बाटली फेकली आणि त्याला काहीच झालं नाही, तर दुसऱ्याला ती फेकणं सोपं जातं. दारू हा टप्पा लवकर गाठून देते, एवढंच.

गहुंजेला काय झालं होतं?

आता आपल्या अंगणात येऊ. २४ ऑक्टोबर २०२४. गहुंजेला भारत-न्यूझीलंड टेस्टचा पहिला दिवस. बाहेरची पाण्याची बाटली आत नेता येत नव्हती. लंच ब्रेकला लोक पाण्याच्या स्टॉलवर गेले, तर पाणी संपलेलं. भर उन्हात लहान मुलं, म्हातारी माणसं ताटकळली. थोड्याच वेळात महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या विरोधात घोषणा सुरू झाल्या. असोसिएशनच्या सचिवांना माफी मागावी लागली.

त्या दिवशी चिडलेली माणसं प्यायलेली नव्हती. त्यांना प्यायला साधं पाणी मिळत नव्हतं. गोष्ट घोषणांवर थांबली हे त्या प्रेक्षकांचं मोठेपण. हीच परिस्थिती रात्रीच्या मॅचला, भरल्या स्टेडियममध्ये, थोडी चढलेल्या गर्दीसमोर आली असती तर?

याच मैदानाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९ ऑक्टोबर २०२३ ला इथे वर्ल्ड कपची भारत-बांगलादेश मॅच झाली. बांगलादेशचा एक फॅन कापडी वाघ घेऊन आला होता. काही टवाळखोरांनी तो वाघ फाडला आणि व्हिडिओ सगळीकडे फिरला. तिथे पाण्याचा प्रश्न नव्हता, गेटचा नव्हता. परक्या माणसाला एकटं गाठून मजा घ्यायची होती. याचा दोष कुठल्याही आयोजकावर ढकलता येणार नाही.

कायदा काय सांगतो?

बऱ्याच जणांना वाटतं की स्टेडियममध्ये जास्तीत जास्त काय होईल, बाहेर काढतील. प्रत्यक्षात चार गोष्टी लागू शकतात.

• दारूच्या नशेत सार्वजनिक जागी त्रास देणं: भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५. २४ तासांपर्यंत साधी कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवेची शिक्षा. जुन्या कायद्यात हा दंड फक्त १० रुपये होता.

• दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं वागणं, उदाहरणार्थ वरच्या स्टँडमधून बाटली फेकणं: कलम १२५. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड. कुणी जखमी झालं तर शिक्षा वाढते.

• टोळक्याने दंगा: कलम १९१. दोन वर्षांपर्यंत कैद. जमाव बेकायदेशीर ठरला, की ‘मी मारलं नाही, नुसता सोबत होतो’ हे उत्तर नेहमीच चालत नाही.

• पिऊन गाडी चालवणं: मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

गहुंजेसाठी हे शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं आहे. स्टेडियम एक्स्प्रेस वेच्या कडेला आहे. रात्री मॅच सुटल्यावर लोकलची सोय तोकडी, म्हणून बहुतेक जण स्वतःच्या गाडीने येतात आणि तसेच परततात. स्टँडमध्ये धिंगाणा घालणारा दिसतो तरी. गप्प बसून पिणारा आणि नंतर हायवेवर बाईक काढणारा कुणालाच दिसत नाही.

शिवाय महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१, तर हार्ड लिकरसाठी २५ लागतं. कॉलेजच्या ग्रुपमध्ये ‘मॅचच्या आधी बसू’ असं ठरतं, तेव्हा त्यातले निम्मे कायद्याच्या हिशेबात बसत नाहीत.

मग करायचं काय?

गुन्हे दाखल करणं गरजेचं आहे, पण ते राडा झाल्यानंतरचं काम आहे. आधीची कामं साधी आहेत. गेट लवकर उघडणं, म्हणजे बाहेर गर्दी साचत नाही आणि पीत बसायला वेळ मिळत नाही. आत पाणी भरपूर आणि फुकट. दोन्ही टीमच्या फॅन्सना वेगळे स्टँड आणि बाहेर पडायला वेगळे रस्ते. धड उभं राहता येत नाही, त्याला गेटवरच अडवणं. काही उशीर झाला, कार्यक्रम बदलला, तर माईकवरून लगेच सांगणं. मॅचनंतर पिंपरी, निगडी, हिंजवडी, चाकणकडे बस. पाणी आणि माहिती या दोन गोष्टी महागड्या नाहीत. गहुंजेला पहिली कमी पडली, सॉल्ट लेकवर दुसरी.

आणि फॅन्सनी? फिफाच्या नियमांनुसार मैदानावरच्या शिस्तीचा जाब यजमान क्लबला द्यावा लागतो. दंड क्लबला, रिकाम्या स्टँडसमोर खेळायची वेळही क्लबवर. त्यामुळे आपल्यातला जो जास्त झालाय, त्याला ग्रुपनेच खाली बसवणं, बाहेर नेणं हेच टीमवरचं प्रेम. कोल्हापूरची या बाबतीत एक जमेची बाजू आहे: तिथे दगड मारणारा अनोळखी नसतो. कोणत्या पेठेतला, कुणाचा पोरगा, हे तालमीला माहीत असतं. तालमीतल्या थोरल्यांनी ठरवलं तर पोलिसांआधी तेच त्याला आवरू शकतात.

आपल्या पट्ट्यात हे जास्त जपायला हवं, कारण इथे फुटबॉलचा प्रेक्षक मुळात थोडा आहे. बालेवाडीत एफसी पुणे सिटीचे केशरी जर्सीतले फॅन २०१४ पासून गळा काढून ओरडायचे. २०१९ मध्ये पैशांच्या अडचणीत क्लब बंद पडला आणि आयएसएलमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. त्याच बालेवाडीतल्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. पोरं आहेत, मैदान आहे. उद्या पुन्हा क्लब आला, तर तो टिकेल की नाही हे तिकीट काढून येणाऱ्या घरांवर ठरेल.

राड्यानंतर दारुडा पुढच्या मॅचला पुन्हा येतो. येत नाही ती आठवीतल्या मुलीला घेऊन आलेली आई. मागच्या रांगेतून शिव्या आणि दारूचा वास आला, की ती पुढच्या वेळी टीव्हीवरच मॅच लावते. त्याची कुठे बातमी होत नाही. पण स्टँड असेच एकेका खुर्चीने रिकामे होतात.