आगीत आधी सुटतो तो जोड

इगतपुरी तालुक्यातील मुंढेगावच्या जिंदाल पॉलिफिल्म्स कारखान्यात १ जानेवारी २०२३ रोजी भीषण आग लागली. तिथेच २१ मे २०२५ रोजी पुन्हा भडका उडाला आणि दोन दिवस उलटले तरी आग धुमसत राहिली. अशा वेळी बंब किती आले, धूर कुठवर गेला, कामगार सुटले का, याची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण डोक्यावरचे छप्पर किती वेळ तग धरेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सातपूर, अंबड, सिन्नरच्या शेड पोलादी सांगाड्यावर उभ्या आहेत, म्हणून तो नाशिकचा प्रश्न आहे.

पोलाद जळत नाही, हे खरे. मात्र ते मऊ पडते. 'आयएस ८००' या भारतीय संहितेच्या सूत्रानुसार ५५० अंश सेल्सिअसला त्याची ताकद जेमतेम निम्मी उरते. त्याआधीच ते प्रसरण पावू लागलेले असते. दहा मीटरची तुळई ५०० अंशांनी तापली की सहा सेंटीमीटरहून अधिक वाढू पाहते. दोन्ही बाजूंना खांब असल्याने वाढायला जागा नसते आणि सगळा रेटा जोडावर येतो. पुढे तुळई मऊ होऊन कपड्यांच्या दोरीसारखी झोळते. मग जोडावर रेट्याऐवजी ओढ येते. त्यात बोल्ट तर तुळईहून लवकर हार खातात. ६०० अंशांना तुळईच्या पोलादात सुमारे ४७ टक्के ताकद उरते, उच्च ताकदीच्या बोल्टमध्ये फक्त २२ टक्के, असे युरोपीय संहितेचे आकडे सांगतात.

आग विझली म्हणून धोका टळत नाही. वाकलेली तुळई निवताना आकसते आणि जोड पुन्हा ओढला जातो. ब्रिटनमध्ये कार्डिंग्टन येथे १९९०च्या दशकात आठ मजली पोलादी इमारतीत मुद्दाम आगी लावून पाहिल्या, तेव्हा निवण्याच्या काळातच काही बोल्ट तुटले, जोडपट्ट्या फाटल्या. माल काढायला घाईने आत शिरणाऱ्या मालकांनी आणि कामगारांनी हे ध्यानात घ्यावे.

न्यूयॉर्कची ४७ मजली 'डब्ल्यूटीसी ७' इमारत ११ सप्टेंबर २००१ रोजी कोसळली. तिला विमान धडकले नव्हते. तापून वाढलेल्या तुळयांनी एक मुख्य गर्डर त्याच्या बैठकीवरून ढकलला आणि तिथून पडझड सुरू झाली, असा निष्कर्ष अमेरिकी सरकारी तपासाने २००८ मध्ये काढला.

उपाय फार महागडे नाहीत. तुळईला थोडे सरकू देणारी लांबट भोके, ठिसूळपणे तुटण्याऐवजी वाकणाऱ्या जोडपट्ट्या, हे आराखड्यातच ठरवता येते. आगरोधक रंग वर्कशॉपमध्ये लावला जातो, बोल्ट मात्र जागेवर आवळले जातात. त्यामुळे नेमका जोडच उघडा राहू शकतो. बोल्ट आवळल्यावर त्यावर पुन्हा रंग चढवणे हे कंत्राटात स्पष्ट लिहून घेतले पाहिजे.

महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्या तपासणीला येणारी माणसे सिलिंडर आणि हायड्रंट पाहतातच. त्यांनी एकदा शिडी लावून वरचे जोडही पाहावेत, रंग उडाला आहे का, बोल्ट गंजला आहे का, आणि ते कागदावर नोंदवावे.